कारागृहवास्तू, जुन्या

गतकालीन दंडनीतीला अनुसरून बांधलेल्या आणि ती नीती मागे पडल्यानंतरही बंदी ठेवण्यासाठी अथवा अन्य कारणासाठी वापरात राहिलेल्या तुरुंगांच्या इमारती. शाळा, रुग्णालय किंवा कचेरी यांची इमारत कालांतराने गैरसोयीची ठरली, तर तेथे येणाऱ्यांना तक्रार करता येते, प्रसंगी दुसरीकडे जाता येते. तुरुंगात राहणाऱ्यास हा पर्याय नसतो. शिवाय तुरुंगाची इमारत हे शिक्षेचेच एक साधन असते. कोठडी किती लांबरुंद असावी, खिडकी किती उंचीवर असावी, एका बंद्याला दुसऱ्याचे तोंड दिसावे की नाही, या गोष्टी त्या त्या काळच्या गुन्हा व शिक्षा यांविषयीच्या कल्पनांवरून ठरतात. या कल्पना एकदोन पिढ्यांत पालटतात. दगडी भिंती मात्र दोनदोनशे वर्षे टिकतात. परिणामी कायद्याने शिक्षेचा हेतू बदलला, तरी प्रत्यक्ष शिक्षेचे स्वरूप बऱ्याच अंशी जुनी वास्तूच ठरवीत राहते. जगातील अनेक देशांत, भारतातही, एकोणिसाव्या शतकातील कारागृहे एकविसाव्या शतकात चालू आहेत.

पूर्वपीठिका : अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दीर्घ मुदतीचा कारावास ही नेहमीची शिक्षा नव्हती. देहान्त, फटके, दंड, हद्दपारी या शिक्षा प्रचलित होत्या आणि तुरुंग हा मुख्यतः चौकशी वा शिक्षेची अंमलबजावणी होईपर्यंत आरोपीला, किंवा कर्ज फिटेपर्यंत ऋणकोला, अडकवून ठेवण्याची जागा होती. त्यामुळे खास तुरुंग म्हणून बांधलेल्या इमारती थोड्या होत्या. किल्ल्याचे बुरूज, नगरवेशीवरील खोल्या, तळघरे यांचाच उपयोग केला जाई. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर धर्मसंस्थांची मालमत्ता शासनाकडे आली आणि रिकाम्या मठांना नेपोलियनच्या काळात तुरुंगाचे रूप मिळाले. संत बर्नार्डने १११५ मध्ये स्थापन केलेला क्लेअरव्हो येथील मठ १८०८ मध्ये शासनाने घेतला. तेथील तुरुंग २०२३ पर्यंत चालू होता. मौन, एकांत व श्रम यांसाठी उभारलेल्या वास्तूत पुढे तीच त्रयी सक्तीने लादली गेली, हा योगायोग लक्षणीय आहे. मठातील मोठ्या शयनगृहांत बंद्यांना रात्री वेगवेगळे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून १८७५ नंतर तेथे लाकूड व जाळी यांचे, जेमतेम एक खाट मावेल एवढे पिंजरे ओळीने बसविण्यात आले. ‘कोंबड्यांची खुराडी’ असे त्यांचे लौकिक नाव होते. विसाव्या शतकातही बराच काळ त्यांत माणसे झोपत असत.

जॉन हॉवर्डने इंग्लंडमधील तुरुंगांची स्वतः पाहणी करून १७७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे तेथील रोगराई, भ्रष्टाचार व सरमिसळ यांवर प्रकाश पडला आणि तुरुंग हा स्वतंत्र वास्तुप्रकार म्हणून विचारात घेतला जाऊ लागला. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १८२९ मध्ये सुरू झालेल्या ‘ईस्टर्न स्टेट’ कारागृहात जॉन हॅव्हिलंड या वास्तुशिल्पज्ञाने मध्यवर्ती मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सात दालने योजिली. प्रत्येक बंद्यास स्वतंत्र कोठडी व तिला लागून स्वतंत्र अंगण होते. कोठडीबाहेर नेताना त्याचा चेहरा झाकीत. एकांतात मनुष्य अंतर्मुख होऊन पश्चात्ताप पावेल, ही क्वेकर पंथीयांची श्रद्धा या रचनेच्या मुळाशी होती. चार्ल्स डिकिन्सने १८४२ मध्ये हे कारागृह पाहिले आणि या एकांतवासावर कठोर टीका केली. त्याच वर्षी लंडनमध्ये पेंटनव्हिल कारागृह उघडण्यात आले. जोशुआ जेब याने आखलेल्या या कारागृहात ५२० कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडी सु. ४ मी. लांब, २ मी.हून किंचित अधिक रुंद व सु. २·७ मी. उंच होती आणि ती एकाच माणसासाठी होती. पुढील सहा वर्षांत या नमुन्यावर इंग्लंडमध्ये सु. ५४ तुरुंग बांधण्यात आले. ब्रिटिश साम्राज्यातील वसाहतींनीही तोच नमुना पुढे ठेवला.

वास्तू आणि व्यवस्था : या तुरुंगांच्या उत्तरायुष्याचा इतिहास म्हणजे एका माणसासाठी मापून बांधलेल्या जागेत दोन, तीन माणसे बसविण्याचा इतिहास होय. फिलाडेल्फियातील कारागृहात पहिल्या काही दशकांतच एकांतवास ढासळू लागला. मूळ सात दालनांच्या मधल्या मोकळ्या जागांत नवी दालने घुसडण्यात आली. एका जागी उभे राहून सर्वत्र नजर ठेवता यावी, हा आऱ्यांच्या रचनेचा हेतू त्यामुळेच विफल झाला. १९१३ मध्ये एकांतवासाची पद्धत अधिकृत रीत्या सोडून देण्यात आली, पण कोठड्या त्याच राहिल्या आणि आणखी ५८ वर्षे, म्हणजे १९७१ पर्यंत, त्यांत बंदी राहत होते. ज्या सिद्धान्तासाठी वास्तू उभी केली, तो गेल्यावर उरलेल्या वास्तूला सिद्धान्त असा काही नव्हताच.

पेंटनव्हिलची कथा याहून उद्‌बोधक आहे. १८४२ मध्ये तेथील प्रत्येक कोठडीत शौचपात्र व हात धुण्याचे पात्र बसविलेले होते. त्या काळी लंडनमधील पुष्कळ घरांतही ही सोय नव्हती. पुढे नळ तुंबू लागले, शिवाय नळांवर टकटक करून बंदी एकमेकांशी बोलतात असे आढळून आले. म्हणून ही पात्रे काढून टाकण्यात आली व त्यांच्या जागी बादली आली. रात्रभर बंद कोठडीत बादली वापरायची व सकाळी रांगेने ती रिकामी करावयाची, हा प्रकार इंग्लंडमधील तुरुंगांत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. म्हणजे जी गैरसोय जुन्या इमारतीचा अटळ दोष म्हणून सांगितली जात होती, ती मूळ इमारतीत नव्हतीच. ती नंतरच्या कारभाराने निर्माण केली होती. जुन्या कारागृहांचे मूल्यमापन करताना हा भेद नेहमी ध्यानात घ्यावा लागतो.

मँचेस्टर येथील स्ट्रेंजवेज हे १८६८ मध्ये उघडलेले कारागृह याच परंपरेतील. सु. ९७० बंद्यांची सोय असलेल्या या कारागृहात १९९० च्या एप्रिलमध्ये १,६०० हून अधिक बंदी होते. १ एप्रिल रोजी प्रार्थनामंदिरात दंगा सुरू झाला. बंद्यांनी इमारतीचा ताबा घेतला व त्यांपैकी काही जण छपरावर चढून बसले. शेवटचा बंदी खाली उतरेपर्यंत २५ दिवस लोटले. चौकशीनंतर न्यायमूर्ती वुल्फ यांनी १९९१ मध्ये सादर केलेल्या अहवालात गर्दी, बादलीची पद्धत व बंद्यांना मिळणारी वागणूक यांवर बोट ठेवले. १९९६ पर्यंत कोठड्यांतून शौचालयाची सोय करण्यात आली. त्यासाठी योजलेला एक उपाय साधा पण खर्चिक होता. सलग तीन कोठड्यांपैकी मधली मोडून तिचे दोन भाग करावयाचे व ते शेजारच्या दोन कोठड्यांना शौचालय म्हणून जोडावयाचे. दर तीन कोठड्यांमागे एक अशी जागा गेल्याने गर्दीचा प्रश्न मात्र उरलाच. स्ट्रेंजवेजची आरीय इमारत दुरुस्त होऊन वेगळ्या नावाने पुन्हा वापरात आली. पेंटनव्हिलही चालूच राहिले आणि एकविसाव्या शतकात तेथे हजाराहून अधिक बंदी ठेवण्यात आले.

काही वेळा वास्तू तीच राहते आणि तिचा अर्थ उलटा होतो. जेरेमी बेंथॅम याने १७९१ मध्ये मांडलेल्या सर्वदर्शी कारागृहाच्या कल्पनेत गोलाकार इमारतीच्या मध्यभागी पहारेकरी असतो. त्याला सर्व कोठड्या दिसतात, पण तो कोणाला दिसत नाही. नेदर्लंड्समध्ये आर्नहेम, ब्रेडा (दोन्ही १८८६) व हार्लेम (१९०१) येथे या कल्पनेशी जवळीक असलेले प्रचंड घुमटाकार तुरुंग बांधले गेले. पुढे बंद्यांना कोठडीबाहेर वावरण्याची मोकळीक मिळाल्यावर मधल्या मोकळ्या जागेत तेच फिरू लागले आणि आर्नहेम येथे मध्यबिंदूवर कर्मचाऱ्यांचे उपाहारगृह आले. भोवतालच्या सज्जांवरून बंदीच आता कर्मचाऱ्यांना न्याहाळू शकत होते. दंडनीती सौम्य झाली, तर जुनी वास्तू तिला आड येतेच असे नाही, याचे हे एक उदाहरण. परंतु त्यासाठी बंद्यांची संख्या आटोक्यात असावी लागते आणि ती नेदर्लंड्समध्ये होती. तेथील काही तुरुंग तर रिकामे पडल्यामुळे परदेशांना भाड्याने देण्यात आले. टिल्बर्ख येथील तुरुंगात २०१० ते २०१६ या काळात बेल्जियमचे, तर नॉर्गरहाव्हन येथे २०१५ ते २०१८ या काळात नॉर्वेचे बंदी होते.

इंग्लंडमधील डार्टमूर कारागृहाने वेगळाच प्रश्न पुढे आणला. नेपोलियनबरोबरच्या युद्धातील फ्रेंच कैद्यांसाठी १८०९ मध्ये माळरानावर ग्रॅनाइट दगडात बांधलेले हे कारागृह १८५० पासून गुन्हेगारांसाठी वापरले जाऊ लागले. तेथील खडकांतून निघणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचे प्रमाण वाढल्याचे आढळल्यावर २०२४ मध्ये ते रिकामे करण्यात आले.

भारतातील कारागृहवास्तू : भारतात आधुनिक तुरुंगव्यवस्थेचा आरंभ १८३६–३८ च्या तुरुंग-शिस्त समितीपासून मानतात. मेकॉले हा या समितीचा एक सदस्य होता. एक वर्षाहून अधिक शिक्षा झालेल्यांसाठी मध्यवर्ती कारागृहे बांधावीत, ही तिची शिफारस होती. त्यानुसार पहिले मध्यवर्ती कारागृह आग्रा येथे १८४६ मध्ये स्थापन झाले. कोठड्यांचे तुरुंग भारतात थोडेच बांधले गेले. खर्चाच्या दृष्टीने येथे बराक पसंत करण्यात आली. एक लांब दालन, दोन्ही बाजूंस गजांच्या खिडक्या, मधोमध वा कडेने झोपण्याचे ओटे, एका टोकाला रात्रीचे शौचस्थान, बाहेर भिंतीने वेढलेले आवार, हे तिचे सर्वसाधारण रूप. अशी अनेक आवारे बाहेरच्या तटाच्या आत एकत्र आली की मध्यवर्ती कारागृह तयार होते. १८९४ च्या कारागृह अधिनियमाने स्त्रिया व पुरुष, तरुण व प्रौढ, न्यायाधीन व सिद्धदोष, दिवाणी व फौजदारी असे बंद्यांचे वर्ग वेगळे ठेवण्यास सांगितले, तेव्हा जुन्या तुरुंगांत भिंतींच्या आत आणखी भिंती घालून हे काम भागविले गेले.

बराकीच्या रचनेचा एक दूरगामी परिणाम झाला. कोठडीत दुसरा माणूस आला, की तो लगेच मोजता येतो; बराकीत मात्र पन्नासांच्या जागी साठ, सत्तर, शंभर माणसे हळूहळू सामावत जातात आणि इमारत कोठेही ‘आता पुरे’ म्हणत नाही. प्रत्येकाच्या वाट्याची पथारी काही बोटांनी अरुंद होते, इतकेच. तुरुंगातील मृत्यूंच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८६४ च्या समितीने दर बंद्यामागे किमान ५४ चौ. फुट (सु. ५ चौ. मी.) जागा व ६४० घ. फुट हवा असावी, असे सुचविले होते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत बराकीतील झोपण्याच्या जागेचे प्रमाण दर बंद्यामागे ३·७१ चौ. मी., म्हणजे सु. ४० चौ. फुट, धरले असून एका बराकीत वीसच बंदी असावेत असे म्हटले आहे. दीडशे वर्षांत अपेक्षाच एक चतुर्थांशाने खाली आली, हे या दोन आकड्यांवरून दिसते. प्रत्यक्ष स्थिती दोहोंपासून दूर आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्राच्या २०२२ च्या अहवालानुसार भारतातील कारागृहांची अधिकृत क्षमता ४,३६,२६६ होती व त्यांत ५,७३,२२० बंदी होते. क्षमतेशी हे प्रमाण १३१·४ टक्के पडते. त्यांतील ४,३४,३०२ बंदी, म्हणजे शेकडा ७५·८, न्यायाधीन होते. ज्यांच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही, अशांनीच ही जुनी कारागृहे मुख्यतः भरलेली आहेत. जुन्या वास्तूंच्या वापराचा प्रश्न त्यामुळे बांधकामाइतकाच न्यायालयांच्या गतीचाही आहे. केवळ नवे तुरुंग बांधून तो सुटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

महाराष्ट्रात दोन्ही प्रकारचा वारसा आढळतो. ठाणे येथील मध्यवर्ती कारागृह मुळात किल्ला होय. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास तो बांधावयास घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी व १७७४ मध्ये इंग्रजांनी तो जिंकला. येथे अटकेत असलेला पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे १८१६ मध्ये निसटला. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याचा रीतसर तुरुंग झाला. नासिकचा जिल्हाधिकारी जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फाशी देण्यात आले. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी उभारलेले तट व बुरूज माणसांना आत ठेवण्याच्या कामी आले. किल्ला बांधणारास आतील लोकांची वस्ती दाट होण्याची चिंता नव्हती, तुरुंगाधिकाऱ्यास मात्र ती रोजच असते. तट पाडून विस्तार करता येत नाही आणि तटाबाहेर आता शहर आहे.

पुण्यातील येरवडा मध्यवर्ती कारागृह (१८७१) प्रारंभापासून तुरुंग म्हणूनच बांधलेले आहे. भरपूर जमीन, मुद्रणालय व अन्य कारखाने, शेती यांमुळे राज्यातील सर्वांत मोठे कारागृह म्हणून ते टिकून राहिले. महात्मा गांधी येथे १९२२–२४, १९३०–३१ व १९३२–३३ या काळात बंदिवासात होते. येथून आश्रमवासीयांस पाठविलेल्या पत्रांत त्यांनी या स्थळास ‘मंदिर’ म्हटले. गांधीजींचे उपोषण व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांशी झालेल्या वाटाघाटी यांतून निष्पन्न झालेला पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा. त्याची बोलणी याच आवारात एका आंब्याच्या झाडाखाली झाली, असे सांगतात. मुंबईतील आर्थर रोड कारागृह (१९२६) त्यामानाने अलीकडचे. पण अधिकृत क्षमता सु. ८०० असताना तेथे कित्येक पटींनी बंदी ठेवण्यात आल्याने त्याची विशेष चर्चा झाली. २००८ च्या मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यासाठी या आवारात खास न्यायालय व तेथवर नेणारा बंदिस्त मार्ग बांधण्यात आला. २०१८ मध्ये एका भारतीय उद्योगपतीच्या प्रत्यार्पणाचा अर्ज लंडनच्या न्यायालयापुढे असताना, या कारागृहातील बारा क्रमांकाच्या बराकीत नैसर्गिक उजेड येतो काय, हे पाहण्यासाठी न्यायाधीशांनी तिचे चलच्चित्रण मागविले. चित्रणानंतर आक्षेप अमान्य झाला. याउलट २०२३ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथील न्यायालयाने ब्रिटनमधील तुरुंगांच्या स्थितीचे कारण देऊन एका आरोपीला ब्रिटनच्या स्वाधीन करण्याचे नाकारले. जुन्या बराकी व कोठड्या यांचे माप आता देशाबाहेरही घेतले जाते, हे यावरून ध्यानात येते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये संमत केलेल्या नेल्सन मंडेला नियमांत हवा, उजेड, किमान जागा व शौचालय यांविषयी स्पष्ट अपेक्षा व्यक्त केल्या आहेत.

सुधारणावादी दृष्टीला तटाच्या आत वाव मिळेना, तेव्हा ती तटाबाहेर पडली. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही खुली वसाहत स्थापन झाली. निवडक बंद्यांनी भिंतींशिवाय, शेती करून, पुढे कुटुंबासह राहावयाचे, असा हा प्रयोग होता. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाची प्रेरणा तीच. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रात पैठण (१९६८) व अन्यत्र खुली कारागृहे निघाली. आनंद नारायण मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीनेही (१९८०–८३) खुल्या कारागृहांचा विस्तार सुचविला. तथापि खुल्या कारागृहात सिद्धदोष बंद्यांनाच, तेही वर्तन पाहून, पाठविले जाते. न्यायाधीन बंद्यांस तो मार्ग बंद असल्याने जुन्या बराकींवरील भार त्याने फारसा हलका झाला नाही.

वापर चालू राहण्याची कारणे : पैशाची अडचण हे उघड कारण, पण ते एकटे नाही. जुना तुरुंग सामान्यतः शहराच्या मध्यावर व न्यायालयाच्या जवळ असतो. तारखेला बंद्यास नेणे-आणणे, वकिलाने भेटणे, नातलगांनी मुलाखतीस येणे या गोष्टी त्यामुळे सुकर होतात. शहराबाहेर नेलेल्या नव्या तुरुंगात जागा प्रशस्त असते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला पंधरा मिनिटांच्या भेटीसाठी एक दिवसाची मजुरी व गाडीभाडे मोजावे लागते. बंद्याच्या दृष्टीने यांपैकी काय बरे, याचे एकच उत्तर देता येत नाही. जाड भिंती व उंच छते यांमुळे उन्हाळ्यात जुन्या बराकी नव्या काँक्रीटच्या इमारतींपेक्षा थंड राहतात, हेही खरे. दुसऱ्या बाजूने मोक्याच्या जमिनीची वाढती किंमत जुन्या तुरुंगांच्या स्थलांतराला चालना देते. स्थलांतराच्या योजना बंद्यांच्या हिताच्या नावाने मांडल्या जातात, पण त्यांचा वेग बहुधा जमिनीच्या भावाशी निगडित असतो. अनेक देशांत अशा इमारतींना ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण आहे. त्यामुळे त्या पाडता येत नाहीत आणि खिडकी मोठी करावयाची झाली, तरी परवानगी लागते. पॅरिसमधील ला सांते कारागृह (१८६७) २०१४ मध्ये रिकामे करून दुरुस्तीनंतर २०१९ मध्ये पुन्हा उघडण्यात आले. जुनी वास्तू राखून ती राहण्यायोग्य करणे शक्य आहे, पण त्यासाठी काही वर्षे बंदी अन्यत्र ठेवावे लागतात. तुडुंब भरलेल्या व्यवस्थेला नेमके तेच साधत नाही.

उत्तरकालीन उपयोग : तुरुंग म्हणून वापर संपल्यावर अशा वास्तूंना निरनिराळी रूपे मिळाली आहेत. अंदमानातील सेल्युलर कारागृह (१८९६–१९०६) हे आरीय रचनेचे, एकांत कोठड्यांचे भारतातील ठळक उदाहरण. त्याच्या सात तीनमजली दालनांत सु. ७०० कोठड्या होत्या आणि एका दालनातून दुसऱ्या दालनाची फक्त पाठ दिसे. १९४१ च्या भूकंपाने इमारतीचे नुकसान झाले, जपानी अंमलात (१९४२–४५) ती पुन्हा छळाचे केंद्र बनली व पुढे काही दालने पाडण्यात आली. त्या जागेवर १९६३ मध्ये रुग्णालय झाले. माजी राजबंद्यांच्या आग्रहामुळे उरलेली तीन दालने व मनोरा राखण्यात आला आणि ११ फेब्रुवारी १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांचे राष्ट्रीय स्मारक म्हणून उद्‌घाटन केले. गोव्यातील आग्वाद किल्ल्याच्या (१६१२) खालच्या भागातील कारागृहात पोर्तुगीज राजवटीत स्वातंत्र्यसैनिक डांबले जात. १९४६ मध्ये राममनोहर लोहिया तेथे होते; त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना आग्वादहून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात पाठविण्यात आले. मुक्तीनंतरही आग्वाद हे गोव्याचे मध्यवर्ती कारागृह राहिले. २०१५ मध्ये बंदी कोलवाळ येथे हलविल्यावर त्याचे संग्रहालय झाले व ते १९ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. पेनिशचा तुरुंग १९७४ च्या क्रांतीनंतर बंद झाला. त्यात काही काळ आफ्रिकेतील वसाहतींतून परतलेल्या निराश्रितांनी संसार थाटले आणि २०१९ मध्ये तेथे प्रतिकार व स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. कोलकात्याचे अलीपूर कारागृहही २०१९ मध्ये रिकामे होऊन २०२२ मध्ये संग्रहालय बनले.

दक्षिण आफ्रिकेत जोहॅनिसबर्ग येथील जुन्या किल्ल्यातील तुरुंगात गांधीजी १९०८ मध्ये बंदी होते. तो १९८३ मध्ये बंद झाला व त्याच आवारात देशाचे संविधान-न्यायालय उभारण्यात आले (२००४). न्यायाधीन बंद्यांची बराक पाडून तिच्या विटा न्यायालयाच्या भिंतींत वापरल्या आणि तिचे जिने मुद्दाम उभे ठेवले. बंगळूरचे मध्यवर्ती कारागृह (१८६७) आणीबाणीत अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी प्रभृतींच्या स्थानबद्धतेमुळे प्रसिद्धीस आले. २००८ मध्ये त्याचे ‘फ्रीडम पार्क’ या नावाने उद्यान झाले. २०२१ नंतर शहरातील निदर्शने याच आवारात करावीत असा दंडक घालण्यात आला. पूर्वी निदर्शकांना पकडून जेथे नेत, तेथे त्यांना आता स्वतःहून जावे लागते.

बॉस्टनच्या चार्ल्स स्ट्रीट तुरुंगाचे (१८५१) उदाहरण निराळे आहे. तेथील स्थिती संविधानाशी विसंगत असल्याचा निर्णय न्यायालयाने १९७३ मध्ये दिला. नवी जागा तयार होईपर्यंत बंदी आणखी १७ वर्षे, १९९० पर्यंत, तेथेच होते. २००७ मध्ये त्याच इमारतीत महागडे हॉटेल सुरू झाले. स्टॉकहोमचा लाँगहोल्मेन तुरुंग व ऑक्सफर्डच्या किल्ल्यातील तुरुंग यांचीही अशीच हॉटेले झाली. कोठडीचा दरवाजा व गज तेथे शोभेसाठी राखलेले असतात. नव्याने सोय केलेल्या हवा-उजेडाचा खर्च पाहुणा देतो, म्हणून तो उचलता येतो.

बहुतेक ठिकाणी वापर संपल्यावरच स्मारक होते. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२१ रोजी येरवडा येथे सुरू झालेल्या ‘कारागृह पर्यटन’ योजनेत मात्र चालू तुरुंगच पाहण्यास खुला करण्यात आला. गांधीजी, लोकमान्य टिळक आदी नेत्यांच्या बंदिवासाशी निगडित जागा व पुणे कराराचे स्थळ त्यात समाविष्ट होते. शालेय विद्यार्थ्यांस पाच, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस दहा व इतरांस पन्नास रुपये असे शुल्क ठरले. गांधी यार्ड पाहण्यास आलेली शाळकरी मुले ज्या तटाच्या दारातून आत जातात, त्याच तटाच्या आत काही अंतरावर १८७१ च्या आराखड्यातील बराकींत न्यायाधीन बंदी आपल्या पुढच्या तारखेची वाट पाहत असतात; त्यांच्या बराकी दर्शनीय स्थळांच्या यादीत नव्हत्या.